रिसिव्हरला वेगळा पॉवर अ‍ॅम्प: फक्त फ्रंटसाठी घेऊन फायदा होईल का?

प्रश्न – नवखा_५.१
होम थिएटरचा रिसिव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा डबा) ८ ओहमला १०५ वॅटचा (दोन चॅनेल चालवून). फ्रंट टॉवर (पुढचे उंच स्पीकर) ४ ओहम, सेन्सिटिव्हिटी (ठराविक वॅटला किती आवाज) ८५ डीबी. सोफा साडेतीन मीटरवर. आवाज चढवला की मारामारीच्या सीनला रिसिव्हर प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद पडतो). मागे प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारी सॉकेटं) आहेत. २०० वॅटचा दोन चॅनेलचा अ‍ॅम्प लावू का? आणि जोडायचा कसा?

डेसिबलराव
आधी टर्मिनलमागे बघा. वायरचा एखादा केसाएवढा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला असेल तरी हेच होतं.

दुसरं, रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये टॉवर 'लार्ज' वर असतील तर 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबवूफरला जातो ती सीमा) ८० हर्ट्झ. खालचा बेस सबवूफरकडे गेला की बरंच ओझं उतरतं, पुष्कळदा प्रोटेक्टही तिथेच थांबतो. हे फुकटात होतं, म्हणून आधी.

१०५ चे २०० वॅट म्हणजे जेमतेम ३ डीबी. आवाज दुप्पट होणार नाही. खरा फायदा करंटचा: १०० वॅटला ८ ओहमवर साडेतीन अँपियर लागतात, ४ ओहमवर पाच. तो भार वेगळ्या अ‍ॅम्पवर गेला की रिसिव्हरचा ट्रान्सफॉर्मर सेंटर आणि सराउंडसाठी मोकळा. अ‍ॅम्प घ्याल तो ४ ओहमला रेटिंग दिलेलाच घ्या.

सोल्डरगन
जोडणी: दोन्हींचे प्लग काढा. फ्रंट एल-आर प्री-आउटमधून आरसीए केबल अ‍ॅम्पच्या इनपुटला. टॉवरच्या वायरी रिसिव्हरवरून काढून अ‍ॅम्पला. एकाच स्पीकरवर दोन्हींच्या वायरी ठेवल्यात तर एकाचं तरी आउटपुट जळणार. सुरू करताना रिसिव्हर आधी, अ‍ॅम्प शेवटी. बंद करताना उलट. १२ व्होल्ट ट्रिगर (रिसिव्हरबरोबर अ‍ॅम्प आपोआप चालू-बंद करणारी वायर) असेल तर ही कटकट मिटते.

गेनकडेही (अ‍ॅम्प सिग्नल किती पट वाढवतो) बघा. ८ ओहमला २०० वॅट म्हणजे ४० व्होल्ट. अ‍ॅम्पचा गेन २९ डीबी असेल तर त्याला सुमारे १.४ व्होल्ट लागतात. तेवढे प्री-आउट स्वच्छ देतो का, हे न बघता जास्त वॅटचा अ‍ॅम्प घेणं म्हणजे पैसे पाण्यात. उलट गेन फार असेल तर शांत सीनला ट्वीटरमधून 'स्स्स' ऐकू येतं. जोडल्यावर माइक लावून रूम कॅलिब्रेशन (खोलीप्रमाणे स्पीकरची पातळी जुळवणं) पुन्हा कराच, नाहीतर फ्रंट आणि सेंटरची पातळी जुळणार नाही.

नवखा_५.१
क्रॉसओव्हर बदलून ४ ओहमला चालणारा मित्राचा अ‍ॅम्प लावून पाहिला. प्रोटेक्ट गेला, पण सतत घुंऽऽ येतंय.

सोल्डरगन
ग्राउंड लूप, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगमधून वाहणारा नको असलेला करंट. सेट-टॉप बॉक्सची कोअ‍ॅक्स उपटून पाहा. घुं थांबलं तर चोर तोच, केबलवाल्याची अर्थिंग तुमच्या अर्थिंगहून वेगळी आहे. केबल टीव्ही असेल तर कोअ‍ॅक्सवर आयसोलेटर (अर्थचा जोड तोडणारा छोटा डबा) लावा. डीटीएच असेल तर तो चालणार नाही, कारण एलएनबीला (डिशवरच्या रिसीव्हिंग युनिटला) त्याच वायरीतून डीसी जातो आणि आयसोलेटर तो अडवतो. मग सगळं एकाच बोर्डवर घ्या.

डेसिबलराव
आणि कोणी 'अर्थची पिन तोड' म्हणालं तर ऐकू नका. अ‍ॅम्पमध्ये इन्सुलेशन गेलं की बॉडीला २३० व्होल्ट येतात. अ‍ॅम्प चालू करताना एमसीबी पडत असेल तर तो टोरॉइडचा (अ‍ॅम्पमधल्या गोल ट्रान्सफॉर्मरचा) सुरुवातीचा झटका, तिथे सी-कर्व्ह (असा क्षणिक झटका सहन करणारा) एमसीबी बसवून घ्या, पण वायरिंगला झेपेल तेवढ्याच अँपियरचा.