सुप्रीम कोर्टाचं खंडपीठ मुंबईत यावं का? निवेदन लिहायच्या आधी विचारते आहे

कृष्णाकाठ

१८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं. त्याच आठवड्यात आईने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. आत आण्णांचे वाटपाच्या दाव्याचे कागद. "आता कोल्हापूरलाच कोर्ट आलंय, तर हे परत चालवता येईल का?" हा तिचा प्रश्न. नाही येणार, म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं, पण तिला ते पटलं असं वाटत नाही.

दावा १९९४ चा, तासगावचा. जमिनीचं वाटप झालं होतं, भांडण विहिरीतल्या पाळीचं होतं. आठवड्यातले दोन दिवस पाणी आमचं की नाही, एवढंच. खाली आमच्या बाजूने लागलं, जिल्ह्याला आमच्या बाजूने लागलं, २०१८ साली हायकोर्टात सेकंड अपिलात विरुद्ध गेलं. वकिलांनी सांगितलं, ९० दिवसांत दिल्लीला सुप्रीम कोर्टात एसएलपी, म्हणजे अपिलाच्या परवानगीचा अर्ज, करता येईल.

आण्णांनी वहीत हिशेब मांडला. ती वही पेटीत आहे. दिल्लीचा वेगळा वकील, कारण सुप्रीम कोर्टात दाखल करायचं तर ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डच लागतो. सातबारा, फेरफार, साक्षीपुरावे, सगळं मराठीत, त्याचं इंग्रजी भाषांतर. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस, दोन रात्री आणि मधला एक दिवस. राहायचं कुठे, तिथे प्रश्नचिन्ह केलंय. बेरीज केलेलीच नाही, मध्येच थांबलेत. पुढच्या पानावर द्राक्षबागेच्या फवारणीच्या तारखा आहेत. ९० दिवस तसेच गेले. २०२१ ला आण्णाही गेले.

आमच्या तालुक्यातले काही वकील आणि शेतकरी मिळून सुप्रीम कोर्टाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ मुंबईत व्हावं, असं निवेदन पाठवणार आहेत. मी मराठीची शिक्षिका, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. मी वाचलं ते असं. घटनेच्या कलम १३० मध्येच लिहिलंय की सुप्रीम कोर्ट दिल्लीत बसेल, किंवा सरन्यायाधीश राष्ट्रपतींच्या मान्यतेने वेळोवेळी ठरवतील त्या इतर ठिकाणी बसेल. घटनादुरुस्तीचीही गरज नाही. २००९ साली विधी आयोगाने २२९ व्या अहवालात सुचवलं की घटनापीठ दिल्लीत ठेवा आणि रोजच्या अपिलांसाठी चार विभागांत चार खंडपीठं करा, पश्चिमेचं मुंबईत. २०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही विभागीय खंडपीठांची शिफारस केली. तरी ते होत नाही. का होत नाही, हे विरोध करणाऱ्यांकडूनच ऐकायचंय. मला एकतर्फी निवेदन लिहायचं नाही.

टिळकमार्ग_दिल्ली

ताई, मी मूळचा सातारचा, इथे बावीस वर्षं वकिली करतो. तुमच्या आण्णांचा हिशेब चुकलेला नव्हता, हे आधी सांगतो. कलम १३६ खालची एसएलपी म्हणजे अपिलाचा हक्क नव्हे, ती परवानगीची विनंती. बहुतेक पहिल्याच सुनावणीला फेटाळल्या जातात. सेकंड अपिलात कायद्याचा प्रश्न ठरून गेला असेल तर वर फार थोडं उरतं.

आता विरोध का, ते. आत्ताच तीसहून जास्त न्यायमूर्ती दोन-दोन, तीन-तीनच्या पीठांत बसतात आणि त्यांच्यातही मतभेद होतात. मग मोठं पीठ नेमावं लागतं. चार शहरांत चार खंडपीठं झाली, मुंबईने एका कलमाचा एक अर्थ लावला आणि चेन्नईने दुसरा, तर खालच्या कोर्टाने कुणाचं ऐकायचं? देशात शेवटचा शब्द एकच हवा, म्हणून तर हे कोर्ट आहे. २०१० साली फुल कोर्टाने, म्हणजे सगळ्या न्यायमूर्तींच्या बैठकीने, विभागीय खंडपीठांची मागणी नाकारली. आणि कलम १३० हा अधिकार आहे, सक्ती नाही, हे कोर्टाने १९९८ मध्येच सांगितलंय. म्हणजे याचिका करून हे मिळणार नाही.

न्यायाधीश वाढवून, जागा वाढवून काही होत नाही, हे आकडेच सांगतात. १९५० ला सरन्यायाधीशांसह ८ होते, १९८६ ला २६ झाले, २००९ ला ३१, २०१९ ला ३४. तरी आज ८० हजारांच्या वर प्रकरणं पडून आहेत. दार मोठं केलं की रांग मोठी होते. खरा इलाज १३६ ला लगाम घालणं. १९८४ च्या ९५ व्या अहवालात विधी आयोगाने कोर्टाचे दोन विभाग सुचवले होते, एक घटनात्मक प्रश्नांचा, एक बाकीच्या कायद्याचा. मला ते पटतं, पण दोन्ही दिल्लीत. आणि २०२० पासून व्हिडिओवर सुनावणी होते. तासगावचा वकील तासगावात बसून बोलू शकतो.

पैठणगेट

मी वकील नाही. संभाजीनगरला एका वकीलसाहेबांकडे ३१ वर्षं क्लार्क होतो. २७ ऑगस्ट १९८१ ला इथे हायकोर्टाचं बेंच बसलं तेव्हापासूनचं सगळं डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हाही हेच बोलायचे, की हायकोर्टाची एकी मोडेल. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, १९८२ ला निकाल बेंचच्या बाजूने लागला, १९८४ ला ते कायमस्वरूपी झालं. मुंबई, नागपूर, संभाजीनगर, गोवा आणि आता कोल्हापूर, एवढ्या ठिकाणी एकच हायकोर्ट बसतं. दोन बेंचची मतं वेगळी पडली की मुख्य न्यायमूर्ती मोठं पीठ नेमतात. मोडली का एकी?

वकीलसाहेब, रांग वाढली हे खरंच आहे. आमच्या ऑफिसातही फायलींचा ढीग वाढला. पण ती माणसं कोण होती, ते सांगतो. नांदेड, लातूर, बीडकडची. विचारलं, आधी का आला नाहीत, तर म्हणायची, मुंबईला कोण जाणार. पहाटेच्या एसटीने यायची, फडक्यात भाकरी बांधून, बोर्डावर आपला नंबर बघायची, कोर्टात मागे उभी राहायची, संध्याकाळच्या गाडीने परत. निकाल विरुद्ध गेला तरी "आमचा वकील बोलला, साहेबांनी ऐकलं" एवढं समाधान घेऊन जायची. मी स्क्रीनवरच्या सुनावण्या पाहिल्यात. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण आवाज तुटला की पक्षकाराला वाटतं, आपलंच नशीब फुटलं.

विधी_सदाशिव

एलएलएम करतेय, पुण्यात. ताई, राग मानू नका, पण निवेदनात मूळ प्रश्न राहूनच जातोय. कुठलं प्रकरण कुठल्या पीठापुढे लावायचं हे सरन्यायाधीश एकटे ठरवतात. १२ जानेवारी २०१८ ला चार ज्येष्ठ न्यायमूर्ती पत्रकारांसमोर आले ते याच वाटपावरून. चार शहरांत खंडपीठं झाली तर मुंबईला कुणाला पाठवायचं, चेन्नईला कुणाला, हा आणखी एक अधिकार त्याच एका हातात जाईल. नको असलेल्या न्यायमूर्तींना लांब बसवता येईल.

त्यात सरन्यायाधीशांची मुदत म्हणजे सेवाज्येष्ठता आणि जन्मतारखेचा मेळ. यशवंतराव चंद्रचूड सात वर्षांहून जास्त होते, कमल नारायण सिंग १७ दिवस, उदय लळीत ७४ दिवस. ७४ दिवसांत कुणी खंडपीठ वसवेल का? आधी ठरावीक मुदत हवी, मग निवडीची पद्धत. कॉलेजियम (ज्येष्ठ न्यायमूर्तींनीच नवे न्यायमूर्ती निवडायचे, ही पद्धत) १९९३ च्या निकालातून आलं, घटनेत तो शब्द नाही. ९९ वी घटनादुरुस्ती करून नेमणूक आयोग आणला, तो २०१५ ला चार विरुद्ध एक अशा मतांनी रद्द झाला. कॉलेजियम आहे तसं नको, आणि सरकारच्या हातातही नको, असं मधलं काही अजून कुणी उभं केलेलं नाही.

कृष्णाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. दोन दिवस मसुदा बाजूला ठेवून हेच वाचते आहे.

वकीलसाहेब, तुमचा १३६ चा मुद्दा मला पटला आणि तो मी निवेदनात घेणार आहे. वर काय जावं आणि काय जाऊ नये, याची चाळण हवीच. माझं म्हणणं असं की चाळण आजही आहे, फक्त ती कायद्याच्या मुद्द्याची नाही, अंतराची आहे. दिल्लीच्या जवळच्या हायकोर्टांतून वर जाणाऱ्या अपिलांचं प्रमाण लांबच्यांपेक्षा जास्त आहे. तिकडच्या लोकांच्या केसेस जास्त दमदार असतात, असं तर तुम्ही म्हणणार नाही. आण्णांची एसएलपी दाखल करून फेटाळली असती तर आईला सांगायला सोपं होतं, की वरच्यांनी पाहिलं आणि नाही म्हणाले. आता तिला काय सांगू? ८० हजारांच्या आकड्यात आण्णा नाहीत. जे गेलेच नाहीत त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते, आणि तुमच्या रांगेच्या हिशेबात मला तीच माणसं दिसत नाहीत.

व्हिडिओचंही तसंच. बोलायला तासगावातून येईल, पण दाखल कोण करणार? ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डचं ऑफिस कोर्टापासून १६ किलोमीटरच्या आत असावं लागतं, असा नियम मी वाचला. कागद इंग्रजीतच लागतात. आता सुप्रीम कोर्टाचे निकाल मराठीत भाषांतर होऊन येतात, ही फार चांगली गोष्ट झाली. पण वरून खाली मराठी येते आणि खालून वर जाताना प्रत्येक कागदाचं भाषांतर आमच्या खिशातून. भाषेची शिक्षिका म्हणून हे मला सगळ्यात जास्त लागलं. आण्णांची साक्ष मी वाचली, "पाळी", "मोट", "धाव" या शब्दांवर सगळा दावा उभा होता.

विधी, तुझं म्हणणं मी टाळत नाही. मुंबईला कोण बसणार हे लेखी नियमाने, फिरत्या क्रमाने ठरावं, असं एक वाक्य घालते. मुदतीचा आणि नेमणुकीचा प्रश्न मोठा आहे, पण तो सुटेपर्यंत थांबा म्हणालीस तर आमची आणखी एक पिढी जाईल. १९९३ पासून तो सुटलेला नाही.

म्हणून निवेदनात चार खंडपीठं एकदम मागायची नाहीत, असं मनात आहे. वर्षातून काही आठवडे एक पीठ मुंबईत बसवून बघा, फक्त हायकोर्टातून आलेल्या दिवाणी अपिलांसाठी. घटनेचा अर्थ लावायचा प्रश्न निघाला तर ते दिल्लीला जावं. नियम १६ किलोमीटरचा, तो सैल करा. मराठी कागदांचं भाषांतर कोर्टाने करून घ्यावं. हे कमी मागतेय का?

काका, तुम्हाला एक विचारते. बेंच आल्यावर पहिल्या वर्षी तुमच्याकडे आलेल्यांत बायका किती असायच्या?

पैठणगेट

मोजल्या नाहीत, पोरी. पण आधी मुंबईला जाणाऱ्यांत मला एकही आठवत नाही. बेंच आल्यावर पोटगीच्या अर्जासाठी, वारसाहक्कासाठी आया-बहिणी यायला लागल्या. बरोबर भाऊ असायचा, नाहीतर गावचा मास्तर. हे निवेदनात लिही.

टिळकमार्ग_दिल्ली

१६ किलोमीटरच्या नियमाचं समर्थन आज मी करू शकत नाही. तो नोटीस हातोहात देण्याच्या काळातला आहे, आता दाखलच ऑनलाइन होतं. कायमच्या खंडपीठाला माझा विरोध आहे तो आहेच. पण काही आठवड्यांचं फिरतं पीठ, फक्त दिवाणी अपिलांसाठी, एकाच रजिस्ट्रीखाली, याला "दोन अर्थ" हा आक्षेप फार लागू पडत नाही. कलम १३० मधला "वेळोवेळी" हा शब्द पहिल्या परिच्छेदात घ्या, त्यावरच सगळं उभं करा. "खंडपीठ" हा शब्द टाळा, "बैठक" म्हणा. आणि निवेदन सरन्यायाधीशांच्या नावे करा, प्रत कायदा मंत्रालयाला.

मसुदा झाला की मला पाठवा. रविवारी दुपारी मोकळा असतो. इंग्रजी भाषांतर मी करून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.