वेगळा कक्ष कशाला?
सामाजिक संस्थांनी नवोपक्रमांसाठी स्वतंत्र कक्ष काढावा, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. नव्या कल्पना बहुतेक वेळा लोकांच्या दारात उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांना सुचतात. त्या वरपर्यंत पोचायला वाटच नसते.

बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेचं काम बघा. १९८० पासून त्यांनी जुलाबावर मीठ-गुळाचं पाणी कसं करायचं, हे घरोघरी जाऊन आयांना शिकवलं. नंतरच्या तपासणीत आयांच्या किती लक्षात राहिलंय, यावर शिकवणारीचा मोबदला ठरे. तरी सुरुवातीला प्रत्यक्ष वापर कमीच दिसला. शोध घेतल्यावर कळलं, शिकवणाऱ्यांपैकी अनेकींचा स्वतःचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता! मग प्रशिक्षण बदललं, पुरुषांनाही समजावायला सुरुवात झाली. शिकवणारे आणि तपासणारे वेगळे असल्यामुळेच हे उघड झालं, असं मला वाटतं. अशी तपासणी आपल्यापैकी किती संस्था करतात?

निधीची अडचण मान्य. देणगीदार ठरलेल्या कामाला पैसे देतात, चाचपणीला नाही. म्हणून प्रस्तावातच लहान चाचणीचा खर्च वेगळा दाखवा. ती कधी थांबवायची हेही आधीच लिहून ठेवा, नाहीतर फसलेला प्रयोग केवळ अहवालापुरता चालू राहतो.