सुतारमुंगी, मुंगळा की वाळवी?

प्रश्न: ‘कार्पेंटर अँट’ला मराठीत काय म्हणावं? एका ठिकाणी ‘लाकूड खाणारी मुंगी’ वाचलं, दुसरीकडे ‘मोठा मुंगळा’. घरात निघालेली मुंगी हीच आहे हे कसं ओळखायचं, तेही त्याच मजकुरात द्यायचं आहे.

– ‘लाकूड खाणारी’ मुळीच नको. ती लाकूड कोरते, पोखरते आणि भुसा बाहेर टाकते. पोटात घालत नाही. खाते ती वाळवी. सुतारपक्षी आपल्याकडे रुळलेलाच आहे, त्याच धर्तीवर ‘सुतारमुंगी’ लिहा. जोडून.

– सुतारमुंगीला अनुमोदन. नुसतं ‘मुंगळा’ लिहिलंत तर घोटाळा होईल. सुतारमुंग्यांच्या कॅम्पोनोटस या गटात हजाराहून जास्त जाती आहेत. आपला नेहमीचा काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, त्यातलाच. पण त्याचं बिऱ्हाड बहुधा झाडाच्या बुंध्याशी, जमिनीत असतं. ओट्यावर चार मुंगळे फिरले म्हणजे दाराची चौकट पोकळ झाली, असा अर्थ निघत नाही.

– वर्णनात रंग आणि आकार यांवर भिस्त ठेवू नका. सुतारमुंग्या काळ्या असतात, तांबूस असतात, दुरंगीही असतात. एकाच वसाहतीत 6 मिमीची कामकरी असते आणि 12 मिमीचीही, त्यामुळे ‘दोन वेगळ्या मुंग्या दिसल्या’ असं लोक हमखास सांगतात. भिंग घेऊन बाजूने बघायला सांगा. कमरेवर एकच उभी गाठ हवी. पाठ, म्हणजे डोकं आणि कंबर यांमधला भाग, सलग कमानीसारखी हवी. मध्ये खाच किंवा काटे दिसले तर मुंगी दुसरी. मिशा कोपरातून वाकवल्यासारख्या. पोटाच्या टोकाला बारीक केसांचं कडं असतं, तिथून ती आम्ल फवारते. नांगी नसते, म्हणून ‘डंख मारते’ असं लिहू नका. चावते.

– पंखवाल्यांचं काय? वाळवीलाही पंख असतात.

– असतात, पण चारही सारख्या लांबीचे, आणि ते सहज गळतात. खिडकीत पंखांचा खच पडला असेल तर आधी वाळवीचा संशय घ्या. सुतारमुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा स्पष्ट मोठे. शिवाय वाळवीला बारीक कंबर नसते आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ. पंखवाल्या सुतारमुंग्या बंद घरात, आतूनच निघत असतील तर वसाहत इमारतीत आहे असं धरा. बाहेरून दिव्यावर आलेल्या एखादीचा तो अर्थ नाही.

– खाली काय पडलंय त्यालाही नेमके शब्द हवेत, सगळ्याला ‘भुसा’ म्हणून चालणार नाही. सुतारमुंगीचा भुसा तंतुमय, त्यात मेलेल्या किड्यांचे पाय, डोकी मिसळलेली. मैद्यासारखं पीठ पडत असेल तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा. सहा कडांचे कोरडे दाणे म्हणजे कोरड्या लाकडातल्या वाळवीची विष्ठा. लाकूड उघडलं तर फरक आणखी स्वच्छ दिसतो: सुतारमुंगीचे बोगदे गुळगुळीत, आत माती नाही, जमिनीतल्या वाळवीच्या बोगद्यांत चिखल थापलेला.

– ‘वारूळ’ हा शब्दही टाळा, तो मातीचा. ‘मूळ वसाहत’ आणि ‘उपवसाहत’ बरे. हा भेद नुसता शब्दांचा नाही. मूळ वसाहतीत राणी आणि अंडी असतात. अंड्यांना ओल लागते, म्हणून ती बहुधा बाहेर कुजक्या खोडात असते किंवा घरात गळक्या नळामागच्या, ओल धरलेल्या लाकडात. उपवसाहतीत कामकरी, मोठ्या अळ्या आणि कोश. ती कोरड्या लाकडातही चालते. नुसती उपवसाहत मारली तर मूळ वसाहतीतून पुन्हा मुंग्या येतात.

– मग उपायात ‘फवारा’ऐवजी ‘आमिष’ लिहा. दिसलेल्या रांगेवर फवारलं की तेवढ्याच मरतात, बाकीच्या वाट बदलतात. 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम बोरिक ॲसिड, मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाताला लागणार नाही असं ठेवायचं. बोरिक ॲसिड वाढवलं तर मुंगी तोंड लावत नाही, किंवा वसाहतीत पोचवण्याआधीच मरते. माग काढायचा तर अंधार पडल्यावर, टॉर्चवर लाल कागद लावून. तेव्हाच त्यांची वर्दळ जास्त. आणि गळती आधी दुरुस्त करा, ओलं लाकूड बदला, हे आमिषाच्या वर लिहा.