दिवाळी अंकाचे लेख ओडीटीत ठेवू की डॉकएक्समध्ये?

वाचनालयवाला: मंडळी, आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक मी जुळवतो. इथे लिनक्स आणि लिब्रे ऑफिस, कारण लायसन्सला पैसे नाहीत. लेखक डॉकएक्स (वर्डची फाईल) पाठवतात, एक मास्तर जुनी डॉक फाईल, तीही श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधली. डॉकएक्स इकडे उघडलं की ओळी सरकतात, बारा पानांची कथा तेराव्या पानावर जाते. सगळं ओडीटीत (लिब्रेच्या स्वतःच्या फाईल-प्रकारात) करून टाकू का? पुढेही उघडायला हवं. प्रेसवाला म्हणतो, "वर्डचंच द्या."

पेंग्विनभक्त: डोळे मिटून ओडीटी. आयएसओची मान्यता त्याला 2006 मध्येच मिळाली, डॉकएक्समागच्या ओओएक्सएमएल या प्रमाणाला 2008 मध्ये, आणि तेव्हा भारताने विरोधात मत दिलं होतं. ओडीटी ही आतून झिप, म्हणजे एकत्र बांधलेल्या फाईल्स, असते. उद्या लिब्रे नसलं तरी ती सोडवून आतल्या एक्सएमएलमधून मजकूर काढता येतो.

डीटीपीकाकू: अहो, डॉकएक्सही झिपच असते! आणि ओळी सरकतात त्या फॉन्टमुळे. लेखकाने मंगल वापरलाय, तो विंडोजचा फॉन्ट. तुमच्याकडे तो नाही, म्हणून त्याच्या जागी लोहित नाहीतर नोटो बसतो आणि अक्षरांची रुंदी बदलते. ओडीटी केलंत तरी हेच होणार. सगळ्यांना मुक्ता फॉन्ट वापरायला सांगा, फुकट आहे. साइज बदलताना लिब्रेच्या कॅरेक्टर खिडकीत देवनागरीचा वेगळा रकाना असतो, तो बघा. बरेच जण वरचा इंग्रजीचाच बदलतात आणि मग "मराठी हलेना" म्हणून फोन करतात.

लेखकाशी देवाणघेवाण चालू आहे तोवर डॉकएक्सच ठेवा, दुरुस्त्यांच्या खुणा आणि शेरे इकडून तिकडे नेताना बिघडतात. लेख पक्का झाला की साठवणीला एकदाच ओडीटी करा, सोबत पीडीएफ.

मास्तरांचं दुखणं निराळं. श्रीलिपीत आत रोमन कोड असतात, नुसता फाईलचा प्रकार बदलून ते मराठी होत नाहीत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत, नेऊन मगच साठवा.

आणि प्रेसवाला कशावर पानं लावतो ते आधी विचारा. इनडिझाइन असेल तर त्यात डॉकएक्स सरळ येतं, ओडीटी येत नाही.

वाचनालयवाला: विचारलं. पेजमेकर 7.

डीटीपीकाकू: मग झालंच! पेजमेकरला युनिकोड मराठी कळत नाही. तो तुमचा सगळा मजकूर पुन्हा श्रीलिपीत नेणार, म्हणजे मास्तर सोडून सगळ्यांचंच रूपांतर. त्याला साधा मजकूर द्या, ठळक-तिरपं कुठे ते पीडीएफवर दाखवा. पानांचा हिशोब तुम्ही करूच नका, तो त्याच्याकडेच ठरेल. प्रूफ मात्र कागदावर मागवा आणि रफार, "ऱ्या" आणि अवतरणचिन्हं एकेक करून तपासा. रूपांतरात नेमकी तीच उडतात.

पेंग्विनभक्त: 2001 चं सॉफ्टवेअर अजून?

डीटीपीकाकू: हो, आणि आमच्या गल्लीत दोघांकडे.