मॉरिस मायनरचं इंजिन खोललंय, ओरिजिनल पार्ट शोधत बसू की नवीन टाकून मोकळा होऊ?

मायनर१०९८
मंडळी, १९६४ ची मॉरिस मायनर आहे, १०९८ सीसी. इंजिन उतरवून पूर्ण खोललंय. ब्लॉक आणि क्रँक ठीक आहेत, बोअर (पिस्टन फिरतो ती नळी) घासलाय, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट हेडमध्ये आत गेल्यात आणि मागच्या बाजूने ऑइल गळायचं ते वेगळंच. मेकॅनिक म्हणतो सगळं मॉडर्न टाका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, अल्टरनेटर, नवे पिस्टन, विषय संपला. ज्यांच्याकडून गाडी घेतली ते काका म्हणतात एक नट जरी बाहेरचा लागला तरी गाडी बाटली. मला शो वगैरे करायचे नाहीत, गाडी नियमित चालवायची आहे, पण उद्या कोणी जाणकाराने बॉनेट उघडलं तर मान खाली जायला नको. तुम्ही लोक रेघ कुठे मारता?

तेलकट_हात
रेघ गाडीवर नाही, पार्टवर मारायची. जो पार्ट दिसतो आणि पिढ्यानपिढ्या टिकतो तो जुनाच ठेवा, म्हणजे ब्लॉक, हेड, कार्ब्युरेटरची बॉडी, डिस्ट्रिब्युटर, रॉकर कव्हर. जो झिजतो किंवा ज्याचा पेट्रोल-ऑइलशी संबंध येतो तिथे नवीन मटेरियल, त्यात लाज कसली.

तुमच्या हेडचंच बघा. ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलवर चालायची, त्या शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये बसायचा. आता गाड्यांसाठी शिसंवालं पेट्रोल पंपावर कुठेच मिळत नाही, २०२१ मध्ये अल्जेरियाने विक्री थांबवली तो शेवटचा देश. थर नसला की तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बिडाच्या सीटला सूक्ष्म चिकटतो, उचलताना कण ओढून नेतो आणि सीट आत आत जाते. टॅपेटचं क्लिअरन्स १२ थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावलं आणि काही दिवसांनी फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, शिरेनाच झाली तर समजा हेच चाललंय. उपाय एकच, हेड मशीनवर चढवून एक्झॉस्टला हार्ड सीट बसवा, सोबत नवे व्हॉल्व्ह. बाहेरून हेड तेच दिसतं, नंबर तोच राहतो. काकांना सांगूच नका 😄

पॉइंट_गॅप
वरच्याशी सहमत पण एक गोष्ट सगळे विसरतात, ‘ओरिजिनल’ म्हणून जे विकतात त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, गाडीतूनच निघालेला पार्ट. दोन, त्या काळात बनलेला पण कधी न वापरलेला, ज्याला एनओएस (न्यू ओल्ड स्टॉक) म्हणतात. तीन, आज कोणीतरी जुन्यासारखा बनवलेला. धातूचा एनओएस पार्ट मिळाला तर डोळे झाकून घ्या. पण रबर? पन्नास-साठ वर्षं पाकिटात पडलेला ऑइल सील नखाने दाबून बघा, चिरतो. पाकीट कितीही सुंदर असो, तो शोकेसमध्ये ठेवा. त्यात आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते जुन्या रबराला फुगवतं नाहीतर कडक करतं, म्हणून पेट्रोल पाइप इथेनॉलला चालणारेच घ्या, कार्ब्युरेटरची नीडल रबरी टोकाची असेल तर तीही.

आणि उलट बाजू, नवीन म्हणजे चांगलं असंही नाही. हल्ली बनलेले कंडेन्सर आणि रोटर आर्म याबाबत फार बदनाम आहेत, गाडी थंड असताना मस्त चालते, गरम झाली की रस्त्यात बंद. तुमच्या गाडीतला जुना कंडेन्सर चालत असेल तर फक्त ‘नवीन असू दे’ म्हणून काढू नका.

ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन मी टाकलंय, मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसतं, वरून काही कळत नाही. फक्त मायनर पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, हे विसरू नका, निगेटिव्ह अर्थचं मॉड्यूल लावलं तर किल्ली फिरवताच धूर. पॉइंटची प्लेट डिकीत ठेवा, १५ थाऊ गॅप लावला की पाच मिनिटांत गाडी परत चालू, हे मॉड्यूलच्या बाबतीत होत नाही.

रविवारचा_ड्रायव्हर
पॉइंट मस्त आहेत, कशाला ती इलेक्ट्रॉनिक भानगड 🙄 अल्टरनेटरचं मात्र रात्रीच्या फेऱ्यांवर ठरवा. डायनामो, म्हणजे गाडीतला जुना चार्जिंग जनरेटर, आयडलला जवळपास काहीच चार्ज देत नाही, हेडलाइट लावून ट्रॅफिकमध्ये उभे राहिलात की सगळा भार बॅटरीवर. पण बहुतेक अल्टरनेटरसाठी गाडी निगेटिव्ह अर्थ करावी लागते, कंट्रोल बॉक्सचं वायरिंग बदलतं. दिवसाच चालवणार असाल तर डायनामोचे ब्रश आणि बेअरिंग बदला आणि गप्प बसा.

जुना_कागद
काकांच्या मुद्द्याबद्दल. जुन्या गाड्यांच्या क्लबांची जागतिक संघटना फिवा, १९६६ पासूनची, तिने २०१२ मध्ये ट्युरिन चार्टर, म्हणजे जुन्या गाड्या जपण्याची तत्त्वं, मान्य केलं. त्यात बदलाला सरसकट बंदी नाहीये. बदल शक्यतो परत काढता येण्यासारखे हवेत, नोंद ठेवा, आणि काढलेले महत्त्वाचे ओरिजिनल पार्ट गाडीसोबत जपा, असा त्याचा सूर आहे. म्हणजे डायनामो काढला तरी खोक्यात राहिला की गाडी बाटत नाही. खरी न परतणारी कामं म्हणजे ब्लॉकवर वेल्डिंग, नंबर घासणं, ब्रॅकेट बसवायला नवी भोकं पाडणं. तिथे दहा वेळा विचार करा. रिबोअर, म्हणजे घासलेला बोअर कापून मोठा करणं, तेही परतत नाही, पण ती झीज आहे, त्यासाठीच तर ओव्हरसाइज पिस्टन त्या काळीही मिळायचे. फोर्ज्ड पिस्टनच्या मागे लागू नका, ते जास्त फुगतात म्हणून सैल बसवावे लागतात आणि थंडीत खडखडतात. रस्त्यावरच्या गाडीला साधे कास्ट पुरे.

मायनर१०९८
एक नंबर मंडळी 🙏 हार्ड सीट आणि रिबोअर पक्कं, डायनामो राहतोय. मागच्या गळतीचं कोणी बोललंच नाही, लिप सीलचं (क्रँकभोवती बसणाऱ्या रबरी सीलचं) किट टाकू का?

तेलकट_हात
थांबा जरा. त्या इंजिनला मागे रबरी सील नसतोच, क्रँकच्या मागे आटे असतात जे ऑइल परत आत ढकलतात. रिंगा झिजल्या की पिस्टनच्या बाजूने गॅस खाली येतो, क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि आट्यांचं काही चालत नाही. तुमचा बोअर घासलेलाच होता. आधी रिबोअर करा, ब्रीदरचा पाइप आतून साफ करा, फ्लॅट टॅपेट आहेत तर झिंकवालं ऑइल भरा आणि चालवून बघा. उभी असताना एखादा थेंब पडला तर तेवढा पुठ्ठा खाली टाका, तो थेंब कंपनीतूनच आलाय. किटचं नंतर बघू.