लघुपटासाठी शाळकरी वयाचे कलाकार कसे निवडावेत?

कृष्णाकाठ
नमस्कार. वाईजवळच्या गावात घडणाऱ्या वीस मिनिटांच्या लघुपटाची संहिता तयार झाली आहे. नववीतली मुलगी आणि तिचा सातवीतला भाऊ ही त्यातली मुख्य पात्रे आहेत. पैसे मोजकेच असल्याने निवडीचे काम मलाच करायचे आहे. दोन शाळांमध्ये चाचणी घेतली, तेव्हा वक्तृत्व स्पर्धा गाजवणारी मुले पुढे आली. त्यांचे पाठांतर निर्दोष आहे, परंतु साधे वाक्यही ती भरलेल्या सभागृहाला ऐकवल्यासारखे म्हणतात. अशा मुलांवर मेहनत घ्यावी, की रंगमंच न पाहिलेली मुले शोधावीत? अठरा-एकोणीस वर्षांचे, बारीक चणीचे कलाकार घेतल्यास परवानग्यांचा प्रश्न उरणार नाही, असेही एका मित्राने सुचवले आहे.

तालीमघर
चाचणीत संवाद देऊच नका, प्रसंग द्या. उदाहरणार्थ, भावाने बहिणीच्या दप्तरातले पैसे घेतले आहेत, तिला ते कळले आहे, पण आई शेजारीच बसली असल्यामुळे ती उघड विचारू शकत नाही. हा प्रसंग दोघांना मिळून करायला सांगा आणि समोरचा बोलत असताना कोण खरोखर ऐकते आहे, याकडे लक्ष ठेवा, कारण कॅमेऱ्यासमोर बोलण्यापेक्षा ऐकणे अवघड असते. मुलांना एकेकटे न पाहता जोड्या बदलून पाहा. भावंडे वाटतील अशी जोडी मिळणे हे एकेका गुणी मुलापेक्षा मोलाचे आहे. मोबाइलवर चित्रीकरण करून ते दुसऱ्या दिवशी शांतपणे बघा.

सभागृहाला ऐकवण्याची सवय सुटू शकते. हातांना भुईमुगाच्या शेंगा फोडण्यासारखे काम द्या आणि हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला लावा. राज्य बालनाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे प्रयोगही अवश्य पाहा, पण मुख्य भूमिकांपेक्षा गर्दीतल्या मुलांकडे अधिक लक्ष द्या.

अभिनयाचा अनुभव नसलेल्या सोमनाथ अवघडे याला ‘फँड्री’साठी सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे उदाहरण आपल्यासमोर आहेच. मात्र नवख्या मुलाची निवड म्हणजे तालमीसाठी भरपूर वेळ राखून ठेवणे, हे वेळापत्रक आखतानाच गृहीत धरावे.

निर्मिती व्यवस्थापक
परवानगीविषयी लिहितो. बालकामगार कायद्यात 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कलाकार म्हणून काम करता येते, परंतु त्यासाठी चित्रीकरण होणार असलेल्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाचा किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायचा. मुलाची स्वतःची संमती आवश्यक असते. केवळ पालकांची पुरत नाही, आणि ते योग्यच आहे. तुमचा सातवीतला मुलगा या नियमांत येईल. चौदा पूर्ण झालेल्या मुलीसाठी नियम वेगळे आहेत, पण तिलाही संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत कामाला लावता येत नाही. लघुपट लहान म्हणून ही जबाबदारी लहान होत नाही.

रात्रीची दृश्ये दिवाळीच्या सुटीत ठेवा. त्या दिवसांत आपल्याकडे सहा वाजून गेल्यावर लवकरच अंधार पडतो, त्यामुळे सातच्या आत एखादे छोटे दृश्य उरकता येते. शाळाही बुडत नाही.

ध्वनिमुद्रक
मोठ्या वयाच्या कलाकाराविषयी माझे मत सरसकट नकाराचे नाही. प्रसंगात मारहाण किंवा लैंगिक छळ असेल, तर सज्ञान कलाकारच घ्यावा. एरवी वर्गातल्या खऱ्या मुलांशेजारी उभा केल्यावर त्याचे वय चालण्यातून आणि खांद्यांवरून लगेच कळते.

मुलाच्या आवाजाचाही विचार करा. बारा-तेराव्या वर्षी आवाज फुटू लागतो, म्हणून चित्रीकरण सलग एकाच टप्प्यात संपवा आणि आवाज चित्रीकरणस्थळीच नीट मुद्रित करून घ्या. काही महिन्यांनी डबिंगला बोलावलेल्या मुलाचा आवाज पडद्यावरच्या चेहऱ्याशी जुळेलच असे नाही.

कृष्णाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. मारहाणीचा प्रसंग संहितेत नाही, त्यामुळे शाळकरी मुलेच घेईन. निवड पक्की करण्याआधी दोन्ही घरी जाऊन संपूर्ण संहिता, शेवटासह, मोठ्याने वाचून दाखवणार आहे. परवानगीच्या अर्जासोबत वेळापत्रक कितपत तपशीलवार द्यावे लागते, हे निर्मिती व्यवस्थापकांनी सांगितल्यास उपकार होतील.