मूत्रपिंडातील लहान गाठ उष्णतेने जाळावी की कापून काढावी?

अंत्रुजकर, फोंडा
नमस्कार. पित्ताशयातील खड्यांसाठी आईची (वय ७४) सोनोग्राफी केली, तेव्हा उजव्या मूत्रपिंडात गाठ असल्याचे अचानक समजले. सीटी स्कॅनमध्ये ती २.८ सेंटिमीटरची भरली. आईला मधुमेह आहे आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचे काम कमी झाले की रक्तात वाढणारा घटक) वाढलेले आहे. एका डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा गाठीपुरता भाग कापून काढण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्यांनी त्वचेतून सुई घालून गाठ जाळता येईल, असे सांगितले. 'जाळणे' या शब्दाचा आईने धसका घेतला आहे. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

जुना तंत्रज्ञ, मडगाव
मी सीटी विभागात अनेक वर्षे तंत्रज्ञ होतो. आईंना आधी हे सांगा, की येथे आग नसते. सुईच्या टोकाभोवतीचा भाग तापवतात आणि साधारण ६० अंश सेल्सिअसपुढे पेशी जवळजवळ लगेच मरतात. रेडिओफ्रिक्वेन्सीत, म्हणजे सुईतून वीज सोडून तापवण्याच्या पद्धतीत, तापमान १०० अंशांपुढे गेले तर मांस कोळपते व वीज पुढे जात नाही, म्हणून ते सांभाळावे लागते. मायक्रोवेव्हमध्ये, म्हणजे सूक्ष्मलहरींनी तापवण्याच्या पद्धतीत, ही अडचण कमी असते.

तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींना हा उपचार चांगला लागू पडतो, पण माझ्या मते आकाराइतकेच महत्त्व जागेला आहे. गाठ बाहेरच्या कडेला असेल तर काम सोपे. मध्यभागी असेल तर मोठ्या रक्तवाहिनीतले रक्त उष्णता ओढून नेते, गाठीचा काही भाग जिवंत राहू शकतो आणि मूत्रवाहिनीलाही इजा होण्याची भीती असते. आतडे लगत असेल, तर ते दूर सरकवण्यासाठी मध्ये डेक्स्ट्रोजचे (साखरेचे) पाणी सोडतात. रेडिओफ्रिक्वेन्सीसाठी सलाईन चालत नाही, कारण मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. आतडे बोटभर बाजूला सरकलेले पडद्यावर दिसेपर्यंत डॉक्टर यंत्र सुरू करत नसत.

शापोराकाठ, बार्देश
माझ्या वडिलांवर हा उपचार झाला आणि ते दुसऱ्या दिवशी घरी आले. मात्र त्या रुग्णालयाने आधी बायोप्सी घेतली नाही, त्यामुळे ती गाठ खरोखर कर्करोगाची होती का, हे आम्हाला कधीच कळले नाही. ही चूक तुमच्याकडून होऊ देऊ नका. कापलेली गाठ तपासता येते, जाळलेली येत नाही. शिवाय गाठ लगेच नाहीशी होत नाही, तिथे वण राहतो, आणि त्यात कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध) शिरतो का, म्हणजे गाठीचा काही भाग जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी पुढे काही वर्षे स्कॅन करावे लागतात. क्रिएटिनिन वाढलेले असल्याने कॉन्ट्रास्टविषयी मूत्रपिंडतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवा. गाठ पुन्हा वाढण्याचा संभव शस्त्रक्रियेपेक्षा थोडा अधिक असतो, पण बहुधा पुन्हा जाळता येते.

अंत्रुजकर, फोंडा
दोघांचेही मनःपूर्वक आभार. अहवाल पुन्हा वाचला. गाठ मागच्या बाजूला, बाहेरच्या कडेला आहे. आईला हे समजावून सांगितले आणि सोमवारी बायोप्सीविषयी विचारण्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.